रायझन ५ ५६००जी, ग्राफिक कार्ड न लावता आठ महिने
गणपतीच्या तोंडावर पीसी बांधला, आता मे चाललाय, म्हणजे बोलायला हरकत नाही. बजेट तोकडं, म्हणून ग्राफिक कार्ड घेतलंच नाही, रायझन ५ ५६००जी प्रोसेसर घेतला, ६ कोर आणि चित्र दाखवणारी वेगा ग्राफिक्स चिपच्या आतच. दुकानदाराने ८ जीबीची एकच रॅम लावून दिली, म्हणे नंतर वाढवा, मी पण मान डोलावली आणि इथेच माती खाल्ली.

पहिले तीन महिने नुसती चिडचिड. जीटीए फाइव्ह गेम नॉर्मल सेटिंगला ४० च्या आसपास एफपीएस (सेकंदाला किती चित्रं दिसतात ते) आणि गाडी जोरात मारली की गचके. व्हॅलोरंट हा शूटिंगचा गेम ८०-९० दाखवायचा पण समोर कोणी आलं की नेमका अडकायचा आणि मी खल्लास. प्रोसेसरच फालतू निघाला असं ग्रुपवर सगळ्यांना सांगत सुटलो होतो (अजून टोमणे खातोय).

मग मावसभाऊ आला, टास्क मॅनेजर उघडला आणि कपाळाला हात लावला. या चिपला स्वतःची व्हीरॅम (फक्त ग्राफिक्ससाठीची मेमरी) नसते ना, ग्राफिक्सचं सगळं साध्या रॅममधूनच जातं. माझ्या ८ मधले २ जीबी तिथेच गेलेले, उरलेल्या ६ मध्ये विंडोज, क्रोम, डिस्कॉर्ड आणि वर गेम. पण जागेपेक्षा मोठी गोची स्पीडची. डीडीआर४ ३२०० ची एक स्टिक (रॅमची पट्टी) सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी डेटा देते, त्यावरच प्रोसेसर पण आणि ग्राफिक्स पण, म्हणजे एका नळावर दोन बिऱ्हाडं. दोन स्टिक ड्युअल चॅनलला, म्हणजे दोन वेगळ्या वाटांवर, लावल्या की ५१.२. आरएक्स ६६०० या ग्राफिक कार्डाची स्वतःची मेमरी २२४ देते, आता बोला. त्यात माझी रॅम ३२०० ची असून पळत होती २६६६ वर, कारण बोर्डाच्या बायोस सेटिंगमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण स्पीडला चालवणारा पर्याय) ऑनच केलं नव्हतं!

तशीच दुसरी स्टिक आणली, पहिलीच्या शेजारी खुपसली, काडीचा फरक नाही. मग बोर्डाचं पुस्तक काढलं तर त्यात ड्युअल चॅनलसाठी दुसरा आणि चौथा स्लॉट वापरा असं लिहिलेलं. तसं केलं आणि जीटीए ६० ला टेकला, व्हॅलोरंट १४० च्या वर, गचके तर जवळपास गेलेच. प्रोसेसर तोच, गेमची सेटिंग तीच.

मधे एसएसडी (वेगवान स्टोरेज) पण टाकली. जीटीए लोड होईपर्यंत चहा करून यायचो ते थांबलं, एफपीएस मात्र जिथल्या तिथे.

उन्हाळ्यात सोबत आलेल्या कूलरवर दुपारी टेम्परेचर ८५ ला जातं, लिमिट ९५ आहे म्हणून घाबरलो नाही पण कॅबिनेट टेबलाखालच्या कप्प्यातून बाहेर काढलं, आवाज तरी कमी झाला.

पुढेमागे कार्ड घ्यायचं नक्की असेल तर हा नको, 'जी' नसलेला साधा ५६०० बघा, त्यात एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ३२ एमबी आहे, याच्यात १६ च, आणि हा पीसीआयई (कार्ड जोडायची वाट) ३.० वरच थांबतो. कार्ड घ्यायचंच नसेल तर बिनधास्त घ्या, पण रॅम पहिल्या दिवसापासून ८ च्या दोन. सायबरपंक गेम पण लावून बघितला, सगळं लो करून पण रडत होता, दुसऱ्या दिवशी उडवला.