गिट फिल्टर-रेपो: रेपोचं ओझं उतरवायचं असेल तर हेच, पण गाळप हंगामाआधी

कारखान्यांचे वजनकाटे, हळदीच्या सौद्याच्या पट्ट्या, पतसंस्थांची खाती. सांगली-मिरजेत असली सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या टीमच्या रेपोत (गिट कोड आणि त्याचा सगळा इतिहास जपतं ती जागा) कोणीतरी कधीतरी डेटाबेसचा बॅकअप कमिट, म्हणजे इतिहासात नोंद, केलेला असतो. तो डिलीट केला तरी रेपो हलका होत नाही. फाइल फोल्डरमधून गेली, तरी जुन्या कमिटमध्ये ती बसलेलीच असते आणि प्रत्येक नव्या क्लोनबरोबर, म्हणजे रेपोच्या पूर्ण प्रतीबरोबर, खाली उतरते.

हे साफ करायला फिल्टर-रेपोइतकं चांगलं टूल आज दुसरं नाही. गिटच्याच जुन्या फिल्टर-ब्रँच कमांडच्या नादी लागू नका. त्याऐवजी हे वापरा, असं गिटच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय. पायथनची एकच स्क्रिप्ट, पायथनच्या पिप इन्स्टॉलरने बसते, फुकट.

आधी गिटची काउंट-ऑब्जेक्ट्स कमांड 'व्ही' पर्यायासह चालवून साइझ-पॅकचा, म्हणजे दाबून साठवलेल्या इतिहासाचा, आकडा टिपून ठेवा. मग ताजा क्लोन घेऊन त्यात अ‍ॅनलाइझ पर्याय चालवा. यात इतिहासाला धक्का लागत नाही, नुसते अहवाल तयार होतात. डिलीट झालेल्या पाथचा (फाइलच्या फोल्डरसह नावाचा) अहवाल सगळ्यात कामाचा: प्रत्येक ओळीत मूळ आकार, पॅकमधला आकार, डिलीट झाल्याची तारीख आणि पाथ. पॅकमधला आकार बघूनच ठरवा. एसक्यूएल डंप मजकुराचा असल्यामुळे पॅकमध्ये बराच आक्रसतो. झिप आणि व्हिडिओ आधीच दाबलेले, ते जवळपास तेवढेच राहतात आणि बदलले की दर वेळी अख्खी नवी प्रत साठते.

काढताना 'स्ट्रिप-ब्लॉब्ज-बिगर-दॅन १०एम' हा सोपा पर्याय मोहात पाडतो. तो जपून वापरा: १० एमबीवरची फाइल तो आजच्या कमिटमधूनही काढतो, आणि बिल्डला लागणारी लायब्ररीही त्यात जाते. बीएफजी हे दुसरं टूल शेवटच्या कमिटला आपणहून हात लावत नाही, फिल्टर-रेपो लावतं. त्यापेक्षा पाथचं नाव देऊन सोबत इनव्हर्ट-पाथ्स लावा, म्हणजे तेवढंच जातं, बाकी राहतं. फाइलचं नाव मध्ये बदललं असेल तर जुनं नावही द्यावं लागतं, टूल स्वतः माग काढत नाही. पाचपैकी साडेचार देतोय, अर्धा गुण याचाच कापलाय.

काम झालं की टूल ओरिजिन रिमोट, म्हणजे सर्व्हरवरच्या रेपोशी असलेली जोडणी, काढून टाकतं. ही चूक नाही, घाईत पुश होऊ नये (बदल सर्व्हरवर जाऊ नयेत) म्हणून केलेली सोय आहे. खरी कसोटी पुढे. फाइल जिथे आली तिथून पुढचे सगळे कमिट हॅश (कमिटचे ओळखक्रमांक) बदललेले असतात, त्यामुळे फोर्स पुशनंतर, म्हणजे सर्व्हरवरचा इतिहास जबरदस्तीने बदलल्यावर, प्रत्येकाने जुना क्लोन टाकून नवा घ्यायचा. एकानेही जुनी ब्रँच (कामाची वेगळी शाखा) मर्ज करून पुश केली, की काढलेला बॅकअप पुन्हा हजर. म्हणून हे पावसाळ्यात उरका. काटे सुरू झाल्यावर रोज हॉटफिक्स (तातडीच्या दुरुस्त्या) जात असताना इतिहासाला हात लावू नका. गिटहबवर (रेपो ठेवायची सेवा) जुन्या पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे बदल घ्यायच्या विनंत्यांमध्ये, त्या फाइली अडकून राहतात, त्या काढायला सपोर्टलाच लिहावं लागतं.

पुढच्या मोठ्या फाइली एलएफएसमध्ये, म्हणजे गिटच्या मोठ्या फाइलींसाठीच्या वेगळ्या साठ्यात, ठेवा. रेपोत फक्त तीन ओळींचा पॉइंटर राहतो. तसंही १०० एमबीवरची साधी फाइल गिटहब घेत नाही.

इतिहास बदलायची मुभाच नसेल, तर क्लोन करताना 'फिल्टर ब्लॉब-नन' द्या, म्हणजे जुन्या फाइलींचा मजकूर तेव्हा उतरत नाही. जत-आटपाडीकडे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्याला याने मोठा आराम पडतो. फक्त निघण्याआधी लागणाऱ्या ब्रँच चेकआउट करून (उघडून) ठेवा, कारण जुनी फाइल उघडली की ती त्याच वेळी सर्व्हरवरून ओढली जाते.