गोठलेल्या तळ्यावरच्या मासेमारीसाठी जुनी होंडा फिट: पूर्ण हिवाळा वापरल्यानंतरचा अनुभव

गोठलेल्या तळ्यावर मासेमारीला जायचं तर फोर व्हील ड्राइव्हचा मोठा पिकअप हवाच, असा सल्ला जो तो देतो. पूर्ण हिवाळा एका सेकंड हँड होंडा फिटमधून सगळं सामान नेल्यावर माझं मत ठाम झालंय: गाडी काठावरच थांबणार असेल तर पिकअपची काहीही गरज नाही. सपाट आणि लांब डिकी, बर्फाचे खरे टायर आणि गंज न लागलेली चॅसी एवढं असलं की छोटी, स्वस्त, कमी पेट्रोल पिणारी गाडी हे काम उत्तम करते.

आधी सामानाकडे बघू, कारण गाडी त्यावरूनच ठरते. बर्फाला भोक पाडायचा ऑगर, घडीचा तंबू, पाण्याखालचे मासे दाखवणारा सोनार, प्रोपेनचा छोटा हीटर, आखूड काठ्यांचे गळ, आमिषाची बादली, स्टुलं, भोकातला बर्फाचा चुरा काढायचा झारा आणि हे सगळं ओढून न्यायला प्लॅस्टिकची स्लेज. दोघांचं सामान एकत्र केलं तरी वजन फार होत नाही. मागच्या सीटवर एक माणूस बसला तर गाडीवर जेवढा भार पडतो, साधारण तेवढाच. खरी अडचण आकारांची आहे. ऑगर लांबुळका, तंबूची पिशवी त्याहून लांब, स्लेज रुंद आणि आतून पोकळ, बादली उभीच ठेवावी लागते. साध्या सेडानची डिकी कागदावर कितीही लिटरची असली तरी तिच्या तोंडातून स्लेज आत जात नाही. म्हणून गाडी बघायला जाताना मी लिटरचे आकडे विचारत बसले नाही, मोजपट्टी घेऊन गेले. तुम्हीही तेच करा. शक्य असेल तर स्लेजच सोबत न्या.

फिट (भारतात हिलाच जॅझ म्हणतात) या कामात उजवी ठरते ती पेट्रोलच्या टाकीमुळे. बहुतेक गाड्यांत टाकी मागच्या सीटखाली असते. हिची टाकी पुढच्या सीटांखाली आहे, त्यामुळे मागची सीट आडवी केली की थेट खाली बसते आणि जमीन जवळजवळ सपाट होते. शिवाय मागच्या सीटची बैठक वर उचलून पाठीला लावता येते, मग पुढच्या सीटमागे गाडीच्या जमिनीपासून छतापर्यंत चार फुटांच्या आसपास उंचीची जागा मोकळी होते. मी उजवीकडची सीट आडवी ठेवते आणि डावीकडची बैठक उचलते. आमिषाची बादली त्या उचललेल्या बैठकीच्या जागेत उभी राहते, पुढच्या सीटची पाठ तिला टेकू देते आणि वळणावर ती हलत नाही. बादलीला फिरकीचं घट्ट झाकण मात्र हवंच. आमिषाच्या माशांचं पाणी एकदा का कार्पेटमध्ये मुरलं की तो वास उन्हाळ्यापर्यंत जात नाही.

सामान भरण्याचा एक क्रम आता हाताला बसलाय. सगळ्यात खाली कडा उचललेला रबरी मॅट. त्यावर तंबूची पिशवी आणि ऑगर गाडीच्या लांबीला समांतर, ऑगरच्या पात्यांवर कव्हर आणि टोक दाराकडे. पाती वस्तऱ्यासारखी असतात, अचानक ब्रेक मारला तर ते टोक माणसांच्या दिशेने नको. त्यावर स्लेज पालथी आणि स्लेजच्या पोटात गळ, स्टुलं, झारा. हीटर आणि सोनार पट्ट्याने बांधलेले. प्रोपेनचे सिलिंडर हीटरपासून काढून, उभे आणि हलणार नाहीत असे. परत आल्यावर ते गाडीत राहू द्यायचे नाहीत. प्रोपेनच का, तर ते उणे ४२ अंशांपर्यंत वायुरूप होत राहतं. ब्युटेनची गाडी शून्याच्या आसपासच अडते, त्यामुळे कॅम्पिंगचे ब्युटेनचे डबे तळ्यावर जवळपास निकामी असतात.

ऑगरबद्दल एक सांगायलाच हवं. पिकअपच्या उघड्या हौद्यात पेट्रोलचा ऑगर चालतो. हॅचबॅकमध्ये डिकी आणि माणसं एकाच हवेत असतात, तिथे पेट्रोलच्या वाफेने डोकं दुखतं आणि ते धोक्याचंही आहे. अशी गाडी घेणार असाल तर बॅटरीचा किंवा ड्रिलला लावायचा ऑगर घ्या. त्याची लिथियम बॅटरी डिकीत न ठेवता पुढे, पायांजवळच्या उबेत ठेवायची. आणि ती गारठलेली असताना कधीच चार्जिंगला लावायची नाही. शून्याखालच्या तापमानात चार्ज केल्याने लिथियमचे सेल कायमचे खराब होतात.

आता पेट्रोल. २००९ च्या ऑटोमॅटिक फिटचा अमेरिकेतला अधिकृत सरासरी आकडा गॅलनला ३१ मैल आहे, म्हणजे लिटरला साधारण १३.२ किलोमीटर. हिवाळ्यात तो विसरायचा. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या माहितीनुसार शहरात चालणारी पेट्रोल गाडी २५ अंशांच्या तुलनेत उणे ७ अंशांना सुमारे १५ टक्के कमी मायलेज देते आणि अगदी छोट्या फेऱ्यांत ही घट २४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. माझा अनुभव याच्याशी जुळतो. लांबच्या रस्त्यावर लिटरला बारा-साडेबारा मिळतात, दुकान-घर अशा फेऱ्यांत दहाच्या खाली येतं. कारणं साधी आहेत: इंजिन आणि गियरबॉक्सचं तेल थंडीत घट्ट असतं, इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, गार हवा दाट असल्याने गाडीला जास्त विरोध होतो, टायरमधली हवा आक्रसते आणि हिवाळी पेट्रोलमध्ये ऊर्जाही किंचित कमी असते. टायरचं प्रेशर तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की साधारण १ पीएसआय पडतं, म्हणून कडाक्याची लाट आली की हवा तपासायचीच.

हायब्रिड का नाही, हे मला बरेच जण विचारतात. जुन्या टोयोटा प्रियसचा, म्हणजे २००४ ते २००९ च्या मॉडेलचा, सरासरी आकडा ४६ मैलांचा, लिटरला साडेएकोणीस किलोमीटरचा. पण त्याच थंडीत हायब्रिडची घट ३० ते ३४ टक्के सांगितली जाते, कारण केबिन गरम ठेवायला इंजिन वारंवार सुरू व्हावं लागतं. हिशेब करून पाहा: प्रियस तेरा-साडेतेरावर येते आणि फिट सव्वाअकरावर. उन्हाळ्यातलं सहा किलोमीटरचं अंतर हिवाळ्यात दोनवर आलं. प्रियस तरीही पुढे आहे, हे मान्य. फक्त ते दोन किलोमीटर म्हाताऱ्या हायब्रिड बॅटरीच्या जोखमीपुढे मला पुरेसे वाटले नाहीत, आणि तिची मागची काच इतकी उतरती आहे की पालथी स्लेज आत बसवताना जीव जातो. वर्षभर शहरात भरपूर फिरणार असाल तर तुमचं उत्तर वेगळं येईल.

टोयोटा मॅट्रिक्स आणि तिची जुळी पाँटियॅक व्हाइब या दोन्ही मी गंभीरपणे पाहिल्या होत्या. या कामासाठी त्यांची एक गोष्ट फिटपेक्षाही चांगली आहे: सीटच्या पाठी आणि डिकीची जमीन कडक प्लॅस्टिकची असते. ओलं सामान टाका, फडक्याने पुसा, झालं. पुढची प्रवासी सीटही पूर्ण आडवी होते, त्यामुळे फार लांब वस्तू मावतात. व्हाइबचं उत्पादन २००९ मध्येच थांबलं, त्यामुळे आता मिळतात त्या सगळ्या वयस्क आहेत. मला चॅसी धड असलेली सापडली नाही, नाहीतर निवड कठीण झाली असती.

छतावर कॅरियर लावायचा मोह टाळा. मोठा, बोजड बॉक्स छतावर असला तर शहरात २ ते ८ टक्के आणि हायवेवर ६ ते १७ टक्के मायलेज जातं. कमी पेट्रोलसाठी छोटी गाडी घ्यायची आणि वर बॉक्स लावून ते घालवायचं, यात काही अर्थ नाही. सकाळी अर्धा तास इंजिन उभ्या उभ्या गरम करणंही तसंच. नुसतं चालू ठेवलेलं इंजिन तासाला लिटर-दोन लिटर पेट्रोल खातं. काच साफ करायची, मिनिटभराच्या आत निघायचं आणि पहिले काही किलोमीटर सावकाश चालवायची. इंजिन तसंच लवकर तापतं.

बर्फावर गाडी न्यायची का? मी नेत नाही, आणि या सगळ्या निवडीचा पाया तोच आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या मार्गदर्शक आकड्यांनुसार पायी चालायला किमान ४ इंच आणि छोट्या कारला ९ ते १० इंच नवा, पारदर्शक बर्फ लागतो. पांढरा, बर्फवृष्टीतून तयार झालेला बर्फ असेल तर जाडी दुप्पट धरायची. आणि एवढं असूनही कुठलाच बर्फ शंभर टक्के सुरक्षित नाही, असं तेच सांगतात. एकाच तळ्यात झऱ्याजवळ, प्रवाहाजवळ, लव्हाळ्यांत जाडी वेगवेगळी असते. काठापासून स्लेज ओढत चालणारा माणूस दर थोड्या अंतरावर भोक पाडून जाडी बघू शकतो, गाडीतून जाणारा ते करत नाही. अर्धा-पाऊण किलोमीटर ओढत गेलं की अंगात ऊबही येते.

काठापर्यंतचा रस्ता हीच खरी परीक्षा असते. बोटी उतरवायच्या उतारावर दिवसभर वर्दळ असते, बर्फ दाबून काचेसारखा गुळगुळीत होतो. फिटचं पोट जमिनीपासून फार उंच नाही, त्यामुळे ताजा भुसभुशीत बर्फ खोल असेल तर मी उतारावर जातच नाही, वरच लावते. बाकी वेळी पुढच्या चाकांची ताकद पुरते, अट एकच: चारही टायर हिवाळी हवेत, बाजूला तीन शिखरं आणि हिमकणाची खूण असलेले. साध्या टायरचं रबर ७ अंशांखाली कडक होऊ लागतं. दोनच बदलले तर पुढची पकड राहते आणि मागची बाजू निसटते. वापरलेल्या गाडीच्या बजेटमध्ये या टायरांचे आणि वेगळ्या रिमचे पैसे पहिल्या दिवसापासून धरा.

थंडीची आणखी काही छोटी दुखणी आहेत. ही कुठल्याही हॅचबॅकमध्ये येतील. मागच्या दाराचे गॅसचे आधारदांडे गारठले की त्यातला दाब कमी होतो आणि दार हळूहळू खाली येतं. दोन्ही हात सामानात अडकलेले असताना ते डोक्यावर येऊ नये म्हणून मी एक मापात कापलेली काठी डिकीतच ठेवते. ओलं सामान गाडीत असलं की काचा आतून गोठतात. त्यावर उपाय म्हणजे हवा बाहेरून घ्यायची, आतल्या आत फिरवायची नाही, आणि एसी चालू ठेवायचा, तो हवेतली वाफ काढतो. मात्र कडाक्याच्या थंडीत कॉम्प्रेसर चालतच नाही, तेव्हा तंबू झटकून बर्फ बाहेर टाकणं हाच इलाज. दारांच्या रबरांना सिलिकॉन लावलं की ती चिकटत नाहीत. ओल्या रस्त्यावरून येऊन गाडी रात्रभर उघड्यावर राहणार असेल तर हँडब्रेक ओढायचा नाही, सपाट जागी लावून गियरमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवायची, कारण ब्रेक गोठून बसू शकतात.

फिटला मूळची बॅटरी छोट्या, १५१आर मापाची येते. अनेक मालक तिच्या जागी मोठी, ५१आर मापाची बसवतात, मीही तेच केलं. ट्रे आणि पकडपट्टी थोडी बदलावी लागते, पण दिवसभर तळ्याकाठी गारठलेली गाडी संध्याकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते, आणि निर्जन ठिकाणी त्याहून महत्त्वाचं दुसरं काही नाही. टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. आणि अडकून गाडीत बसायची वेळ आलीच तर इंजिन लावण्याआधी सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ बाजूला करा, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. तंबूतल्या हीटरलाही हेच लागू आहे, हवा खेळती हवी.

गाडी निवडताना मी सगळ्यात जास्त वेळ खाली झोपून घालवला. मीठ टाकलेल्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं चाललेल्या गाडीचा बाहेरचा रंग काहीच सांगत नाही. टॉर्च घेऊन ब्रेकच्या नळ्या, पुढची सबफ्रेम (इंजिन आणि सस्पेन्शन पेलणारी चौकट), मागचा अ‍ॅक्सल बीम (मागची चाकं जोडणारा दांडा), सस्पेन्शन जिथे चॅसीला जोडलंय त्या जागा आणि दारांखालच्या कडा पाहायच्या. वरवरचा तांबूस थर चालतो. स्क्रूड्रायव्हर टेकवल्यावर पापुद्रे निघाले किंवा टोक आत गेलं तर गाडी सोडून द्यायची, किंमत कितीही कमी असो. खाली ताजा काळा लेप मारलेला दिसला तरी सावध व्हा. डिकीतला कार्पेट उचलून स्टेपनीच्या खळग्यात पाणी किंवा गंज आहे का तेही बघा. मासेमारीचं ओलं सामान त्याच जागी आणखी ओल आणणार आहे. चॅसी नंबरवरून रिकॉल, म्हणजे कंपनीने दोष दुरुस्तीसाठी गाडी परत बोलावली आहे का, ते तपासायला विसरू नका: २००९ ते २०१३ च्या फिट टाकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅगच्या रिकॉलमध्ये होत्या. काम झालेलं असेल तर कागद मागा, नसेल तर कंपनीकडून ते फुकट होतं.

नेहमी एकट्याने किंवा दोघांनी जाणाऱ्याला मी ही गाडी बिनधास्त सुचवते. तीन-चार जण एकत्र जाणार असाल तर नाही, कारण मागची सीट वापरली की सामानाला जागाच उरत नाही. तंबू जोडलेली मोठी स्लेज असेल तरीही नाही. आणि ज्यांच्या तळ्याकडचा रस्ता कुणी साफ करत नाही, त्यांना उंच गाडी लागेलच. बाकीच्यांनी २०११ किंवा नंतरची फिट शोधावी, कारण गाडी घसरू लागली की सावरणारी व्हीएसए यंत्रणा तेव्हापासून सगळ्या मॉडेलमध्ये आली. ती न मिळाल्यास मॅट्रिक्स किंवा व्हाइब बघा, पण तिथेही किंमत विचारण्याआधी खाली टॉर्च मारा.