लेस्टरच्या सरकारी शाळेतला आर.ई.चा तास: मराठी आईबाबांसाठी अभिप्राय

इंग्लंडात नव्याने आलेले मराठी आईबाबा मला हमखास विचारतात, "शाळेत आर.ई. म्हणून विषय आहे, त्यातून मुलांना काढावं का?" माझी मुलगी इथल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत रिसेप्शनपासून, म्हणजे शाळेच्या अगदी पहिल्या वर्गापासून, हा विषय शिकतेय, आता ती इयर सिक्समध्ये, म्हणजे प्राथमिकच्या शेवटच्या वर्गात आहे. माझं स्पष्ट मत आहे की काढू नका.

आर.ई. म्हणजे रिलिजस एज्युकेशन. 1944 च्या कायद्यापासून सरकारी शाळांना धर्माचं शिक्षण सक्तीचं आहे. अभ्यासक्रमात ख्रिस्ती परंपरा मुख्य असावी, पण देशातल्या बाकी प्रमुख धर्मांची दखलही हवी, हे 1988 च्या कायद्याने ठरलं. हा विषय राष्ट्रीय अभ्यासक्रमात मात्र येत नाही. त्या त्या भागापुरता तो ठरतो, त्यामुळे गावोगावी फरक पडतो. हा अभिप्राय लेस्टरचा आहे, आणि चर्चच्या शाळांना तो लागू नाही. तिथलं गणित वेगळं.

आता लेस्टर म्हणजे काय, तर 2021 च्या जनगणनेत इथे ख्रिश्चन जेमतेम पंचवीस टक्के, मुस्लिम साडेतेवीसच्या आसपास, हिंदू अठराच्या आसपास. पुस्तकातला प्रत्येक धर्म वर्गातल्या कुठल्या ना कुठल्या बाकावर बसलेला असतो. होली बोन्स नावाच्या रस्त्यावरच्या गुरुद्वारात मुलं डोकं झाकून लंगरला बसली. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचं संगमरवरी जैन मंदिर पूर्वी चर्च होतं, हे मला मुलीनेच सांगितलं. रमजानमध्ये मैत्रिणीच्या आईसमोर डबा उघडायचा की नाही, हे ती स्वतः विचार करून ठरवते.

मला हे फार मोलाचं वाटतं. मी सातारा जिल्ह्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. परिपाठ रोज व्हायचा. पण माझ्या शेजारी बसणारी मुलाण्यांची मुलगी रोजा का धरते, हे दहावीपर्यंत कुठल्याही गुरुजींनी सांगितलं नाही. आपल्या राज्यघटनेचं कलम 28 पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मोपदेश करू देत नाही, आणि ते योग्यच आहे. पण धर्मांची माहिती देणं ही वेगळी गोष्ट आहे. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अशा अभ्यासाला घटनेची आडकाठी नाही असंच म्हटलं. तरी आपल्याकडे चर्चा निघाली की ती कुठला श्लोक पाठ करायचा इथवरच येते, आणि शेजारच्या बाकावरची मुलगी तशीच अनोळखी राहते.

आता कमी कुठे पडतं ते सांगते. हिंदू धर्माचा भाग पातळ आहे. दिवाळी आली की राम-सीता परत आले, पणती रंगवा. पुढच्या वर्षी तेच. ब्रह्मा, विष्णू, महेश यांच्या तीन चौकटी भरल्या की धडा संपला. नरकचतुर्दशी नाही, बळीराजा नाही, विठोबा तर नाहीच. मी बाईंना भेटून हे सांगितलं. त्यांनी मोकळेपणाने मला वर्गात अर्धा तास दिला. मी उटणं, आकाशकंदील आणि आळंदी-देहूपासून पंढरपूरपर्यंतच्या वाटेचा हाताने काढलेला नकाशा घेऊन गेले. उटण्याचा वास घ्यायला रांग लागली. "इतकी माणसं रात्री झोपतात कुठे?" हा प्रश्न एका सोमाली मुलाने विचारला. वारीबद्दल इतका नेमका प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या, कारण व्हॉट्सॲप ग्रुपवर इथेच गोंधळ होतो. शाळेतली सामूहिक उपासना म्हणजे आर.ई. नव्हे. कायद्याने ती रोज व्हायला हवी आणि प्रामुख्याने ख्रिस्ती वळणाची असायला हवी. बऱ्याच ठिकाणी ती साधी असेंब्ली असते, आमच्या शाळेत हात जोडून प्रार्थना होते. पालकांना दोन्हींतून मुलांना काढता येतं, वेगवेगळं काढता येतं, कारण द्यावं लागत नाही. मी उपासनेतून मुलीला काढलं. सरकारी शाळेने मुलांकडून प्रार्थना करून घेऊ नये, मग ती येशूची असो की गणपतीची, या मताची मी आहे. आर.ई.चा एकही तास मात्र मी तिला चुकवू देत नाही.

खर्च म्हणाल तर काही नाही. सहलीला थोडी ऐच्छिक वर्गणी मागतात. शाळा बघायला जाल तेव्हा मुख्याध्यापकांना विचारा की कुठल्या इयरमध्ये कुठला धर्म शिकवतात आणि प्रार्थनास्थळांना भेटी होतात का. आणि अभ्यासक्रमावर देखरेख करणारी सॅक्रे ही स्थानिक समिती असते, तिच्या बैठका सर्वांना खुल्या असतात. अभ्यासक्रम दर पाच वर्षांनी तपासला जातो. विठोबाला त्यात जागा हवी असेल, तर तिथे जाऊन बसा.