तारण आधीच ठरलेलं की सर्वांना खुलं? व्हाइटफील्ड आणि वेस्ली
जॉर्ज व्हाइटफील्ड आणि जॉन वेस्ली हे अठराव्या शतकातले इंग्लंडचे ख्रिस्ती उपदेशक, ऑक्सफर्डपासूनचे मित्र. 1739 मध्ये ब्रिस्टलजवळच्या किंग्जवूडला दोघांनीही कोळशाच्या खाणीतल्या मजुरांपुढे उघड्यावर उपदेश केला. त्याच वर्षी वेस्लींनी पूर्वनिवडीविरुद्ध, म्हणजे तारण (पापातून सुटका) कोणाला मिळणार हे देवाने आधीच ठरवलंय या मताविरुद्ध, प्रवचन दिलं, छापलंही, आणि दोघांत फूट पडली.

व्हाइटफील्ड सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या बाजूचे. माणूस पापात इतका रुतलेला की विश्वाससुद्धा देवानेच द्यावा लागतो, आणि तो कोणाला द्यायचा हे जगाच्या उत्पत्तीआधीच ठरलेलं. आधार, बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा 8 वा अध्याय. यातला दिलासा मी कमी लेखणार नाही: तारण माझ्या हिमतीवर नाही, म्हणून ते हातचं जाणारही नाही.

वेस्लींना मात्र उरलेल्यांची चिंता. ज्यांना निवडलंच नाही, त्यांना ‘पश्चात्ताप करा’ म्हणणारा देव प्रेमळ कसा? त्यांच्या मते ख्रिस्त सर्वांसाठी मेला, आणि देवाची कृपा आधीच येऊन प्रत्येकाला होकार देण्याचं बळ देते. म्हणजे वेस्ली स्वकष्टाचं तारण शिकवतात, हा आरोप टिकत नाही. मात्र इथे मिळालेलं तारण गमावताही येतं, ही धास्ती कायम राहते.

व्यवहारात फरक कमीच. निवडलेले कोण हे उपदेशकाला ठाऊक नसतं, म्हणून व्हाइटफील्डही सर्वांनाच हाक मारत. 1770 मध्ये ते वारले, तेव्हा त्यांच्याच इच्छेनुसार लंडनमध्ये स्मृतिप्रवचन वेस्लींनी केलं.

तरी निवड करायचीच तर मी वेस्लींकडे झुकतो. नाकारलेल्यांबद्दलच्या त्यांच्या प्रश्नाला व्हाइटफील्डकडून मला पटेल असं उत्तर मिळत नाही.