बनवाबनवी परत बघितला, आणि ते डोहाळजेवणाचं गाणं

रविवारी दुपारी टीव्हीवर 'अशी ही बनवाबनवी' लागला, जेवणं नुकतीच झाली होती, आई, मावशी, मी आणि दादाची दोन्ही पोरं, मग काय कोणी उठायचा प्रश्नच नाही. १९८८ चा पिक्चर, आम्हाला संवाद पाठ, तरी सत्तर रुपयांच्या सीनला पोरं गडाबडा लोळली. त्या सीनमध्ये सुधीर जोशींचा चेहरा बघा एकदा, अशोकमामांच्या टायमिंगबद्दल सगळेच बोलतात पण समोर तो चेहरा नसता तर ते उभंच राहिलं नसतं.

हल्ली बरेच जण म्हणतात की असले पिक्चर आता बघवत नाहीत, पुरुषाला साडी नेसवून हसवणं म्हणजे बायकांची टिंगल. मला या पिक्चरबद्दल ते पटत नाही. बालगंधर्वांचं कौतुक करणारी माणसं आपण, साडीतला पुरुष आपल्याला नवा नाही. आणि इथे हसू येतं ते लक्ष्या आणि सचिन यांची जी तारांबळ उडते तिचं, बाईपणाचं नाही. शिवाय हे दोघे बायका बनून खोटं का बोलतात ते तरी बघा, घरमालकीण लीलाबाई काळभोर जोडप्यांनाच खोली देणार म्हणून. मी पुण्यात एकटी खोली शोधत फिरलेय, "फॅमिली आहे का" हाच पहिला प्रश्न, दुसरा विचारायच्या आत फोन ठेवलेला. त्यामुळे अशोकमामांच्या धनंजय मानेचं खोटं मला आतून कळतं.

मला खुपलं ते वेगळंच. पार्वतीचं, म्हणजे साडीतल्या लक्ष्याचं, खोटं डोहाळजेवण. 'कुणीतरी येणार येणार गं' सुरू झालं आणि मावशी उठली, "चहा टाकते" म्हणाली. आईने लगेच आवाज कमी केला. आत्तापर्यंत मला कधी लक्षातच आलं नव्हतं की हे गाणं लागलं की मावशी दरवेळी उठते. तिला मूल नाही, उभ्या आयुष्यात किती जणींच्या ओट्या भरल्या असतील तिने, आणि काही ठिकाणी तर तिला बोलावलंसुद्धा नाही, हे आईकडून नंतर कळलं. गाणं गोड आहे हो, आजही खऱ्या डोहाळजेवणात हमखास लागतं, पण पिक्चरमध्ये लीलाबाई खऱ्या मायेने सगळं करतात आणि त्या मायेलाच फसवलं जातंय, हे मावशी आत गेल्यावर माझ्याच्याने हसून बघवेना.

तरी मी म्हणेन की बघाच, कारण वसंत सबनीसांनी लिहिलेली ती खोटी माणसं लबाड असली तरी दुष्ट नाहीत, घाबरलेली आहेत, आणि ती भीती आपल्याला दिसते. मूळ गोष्ट हृषिकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान' मधली, पण पुणेरी घरमालक आणि भाडेकरू असे बसलेत की उसनं काही वाटत नाही. याउलट 'गोलमाल ३', २०१० चा, तो मात्र मी परत लावणार नाही, त्यात श्रेयस तळपदेचं पात्र तोतरं बोलतं आणि शब्द अडकला की हसायचं असतं. माझा चुलतभाऊ तोतरा बोलतो. शाळेत पोरं त्याला त्याच आवाजात चिडवायची, तेव्हा तो फोनवर बोलायचाच बंद झाला होता. तिथे धडपड वगैरे काही नाही, फक्त माणसाची जीभ अडकते आणि थिएटर हसतं.

माझे ५ पैकी ४. लहान मुलांबरोबर बिनधास्त बघा, लीलाबाईंना फसवणं बरोबर होतं का असं पोरांनी विचारलं तर टाळू नका, आमच्याकडे धाकटीने विचारलंच.

चहा घेऊन मावशी परत आली तेव्हा गाणं संपलं होतं. पोरांच्या मधे बसली आणि लक्ष्या दिसला की डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होती.