४५४ बांधायला घेताय? आधी कॅमचं ठरवा: फ्लॅट टॅपेट की रोलर

शेव्हरोलेटचं ४५४, म्हणजे ४५४ घन इंचांचं मोठं व्ही-८ इंजिन, खोलून स्टँडवर चढवलं की हेड कोणती घ्यायची आणि कॉम्प्रेशन किती ठेवायचं, यावरच सगळी चर्चा सुरू होते. माझ्या मते पहिला निर्णय कॅमचा, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा. त्याच्या उंचवट्यांवर (लोबवर) लिफ्टर टेकतात: सपाट तळाचे असले तर फ्लॅट टॅपेट, तळाला चाक असलं तर रोलर. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, पुशरॉड (लिफ्टरची हालचाल वर व्हॉल्व्हकडे नेणाऱ्या काड्या), डिस्ट्रिब्युटरचा गिअर, ऑटोमॅटिक असेल तर टॉर्क कन्व्हर्टर, सगळं त्याच्यामागून येतं. माझ्याकडे शेव्हरोलेटचीच १९७२ ची शेव्हेल गाडी आहे. इथे मिशिगनमध्ये दोन हिवाळ्यांत तिचं इंजिन मी दोनदा बांधलं, पहिल्यांदा फ्लॅट टॅपेट कॅमवर आणि दुसऱ्यांदा हायड्रॉलिक रोलरवर. तेव्हा लिहितोय ते दोन्ही हाताळून.

फ्लॅट टॅपेटची बाजू लंगडी नाही. या इंजिनाचा जन्मच त्या कॅमवर झाला. ४५४ चाच १९७० चा ४५० अश्वशक्तीचा अवतार, एलएस-६, तोसुद्धा फ्लॅट टॅपेटवरच चालायचा. स्वस्त पडतो, जुना डिस्ट्रिब्युटर तसाच चालतो, वेगळं काही जुळवावं लागत नाही. पहिल्या वेळी मी तोच घेतला आणि वाचलेले पैसे हेडच्या पोर्टिंगवर घातले. हिशेब तेव्हा अगदी बरोबर वाटला होता.

अडलं ते ब्रेक-इनमध्ये, म्हणजे नवा कॅम पहिल्यांदा चालवून बसवण्यात. फ्लॅट लिफ्टरचा तळ किंचित फुगीर असतो आणि लोबला बारीकसा उतार असतो, त्यामुळे लिफ्टर चालता चालता स्वतःभोवती फिरतो. तो फिरायचा थांबला की लोब खलास. नवा कॅम जमून येण्यासाठी इंजिन चालू होताक्षणी २००० ते २५०० आरपीएमवर न्यायचं आणि वीस-तीस मिनिटं तिथेच वरखाली करत ठेवायचं. आयडलला सोडायचं नाही, कारण लोबला तेल मिळतं ते मुख्यतः क्रँकवरून उडालेलं. ४५४ सारख्या बिग ब्लॉक इंजिनाचे व्हॉल्व्ह जड, शिवाय ताकदीसाठी आपण स्प्रिंगा कडक घालतो; म्हणजे लोबवरचा दाब आणखी वाढतो. त्यात आजचं तेल. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून साध्या पेट्रोल गाड्यांच्या तेलातलं झिंक-फॉस्फरस टप्प्याटप्प्याने कमी झालं, आणि फ्लॅट लिफ्टरला जपणारं तेच होतं.

हे सगळं मला माहीत होतं. ब्रेक-इनचं वेगळं तेल घातलं, लोबवर काळी पेस्ट चोपडली, आतल्या स्प्रिंगा काढून ठेवल्या, ड्रिल लावून ऑइल पंप फिरवून घेतला. अकराव्या मिनिटाला रेडिएटरच्या खालच्या होजमधून पाणी यायला लागलं आणि इंजिन बंद करावं लागलं. क्लॅम्प आवळून पुन्हा सुरू केलं, उरलेली मिनिटं भरली. उन्हाळाभर गाडी छान पळाली. ऑगस्टमध्ये, वुडवर्ड ड्रीम क्रूझ या इथल्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्याच्या आदल्या आठवड्यात, डाव्या बाजूने टकटक ऐकू आली. फिल्टर कापून त्याच्या घड्या पांढऱ्या फडक्यावर उलगडल्या, तर चांदीचा वर्ख लावल्यासारखी चमक. एक एक्झॉस्ट लोब जवळपास गोल झाला होता. नुसता कॅम बदलून भागत नाही. तो चुरा तेलाबरोबर प्रत्येक बेअरिंगपर्यंत गेलेला असतो. पूर्ण इंजिन पुन्हा खाली उतरवलं. होजमुळे झालं की लिफ्टरमध्येच खोट होती, छातीठोकपणे नाही सांगता येणार. पण त्या वीस मिनिटांवर अख्ख्या हिवाळ्याची मेहनत टांगून ठेवायची, हे माझ्या मनातून उतरलं ते कायमचंच.

रोलरला हे ब्रेक-इन नाही. सुरू केलं, टायमिंग बघितलं, गळती तपासली, आयडलवर सोडून दिलं. लोबचा चढ जास्त उभा ठेवता येतो, त्यामुळे व्हॉल्व्ह तेवढ्याच वेळात जास्त उघडा राहतो. पहिल्या कॅमवर सिग्नलजवळ ब्रेकचं पेडल दगडासारखं लागायचं. आता ब्रेकच्या बूस्टरला इंजिनाचा व्हॅक्यूम पुरतो. मोजमाप मी केलेलं नाही, पण तिसऱ्या गिअरमध्ये खालून उचलताना फरक पाठीला कळतो.

कटकटी रोलरच्याही आहेत. कॅम-लिफ्टरचा संच मला जवळपास चौपट महाग पडला. लोबला उतार नसल्याने कॅम पुढेमागे सरकतो, म्हणून पुढे त्याला अडवणारं कॅम बटण लागतं आणि ते रेटलं तरी वाकणार नाही असं टायमिंग कव्हर. पोलादी कॅमवर जुना लोखंडी डिस्ट्रिब्युटर गिअर चालत नाही. मी ब्रॉन्झचा बसवलाय, तो मऊ असल्याने अधूनमधून काढून बघावा लागतो. लिफ्टरच्या चाकाच्या बेअरिंगमधल्या सुया सुटल्या तर नुकसान तेवढंच मोठं. आणि ६००० च्या पुष्कळ वर नेणार असाल तर जड हायड्रॉलिक रोलर लिफ्टर तिथे साथ सोडतात.

इंजिन मूळ रूपाच्या जवळ ठेवायचंय, स्प्रिंगा हलक्या आहेत, आणि ब्रेक-इन हाताखालून गेलेला कोणी शेजारी उभा राहणार असेल, तर फ्लॅट टॅपेट घ्यायला हरकत नाही. ताकदीचं इंजिन एकट्याने, घरच्या गॅरेजमध्ये बांधत असाल तर मी हेड एक पायरी खालची घेईन, पण कॅम रोलरच घेईन. फक्त पुशरॉड आधी मागवून ठेवू नका. रोलर लिफ्टर उंच असतात, जुन्या लांबीचे बसत नाहीत. हेड आवळून झाल्यावर मापाच्या पुशरॉडने लांबी काढा आणि मगच ऑर्डर द्या.