देकू आणि बाकुगोसाठी ४२ पैकी नऊ खंड

कोहेई होरिकोशी यांची 'माय हिरो अकॅडेमिया' ही सुपरहिरोंच्या शाळेवरची मांगा, म्हणजे जपानी कॉमिक मालिका, जुलै २०१४ मध्ये 'शोनेन जंप' साप्ताहिकात सुरू झाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ४३०व्या प्रकरणावर थांबली. पुस्तकरूपात ४२ खंड. आपल्याकडे मिळते ती विझ मीडियाची इंग्रजी आवृत्ती, भाषांतर केलेब कुक यांचं. सगळे खंड ओळीने लावले तर जवळपास पाऊण मीटर फळी लागते आणि ठाण्यातल्या वन बीएचकेमध्ये ती सहजासहजी रिकामी नसते. इझुकू मिदोरिया आणि कात्सुकी बाकुगो यांच्या चुरशीसाठीच मालिका हातात घेणार असाल, तर नऊ खंड पुरतात: १, २, ७, १०, ११, १३, १४, २९ आणि ३३.

ही चुरस ताकदीची दिसते, पण मुळात ती बघण्याची आहे. मिदोरिया बाकुगोला लहानपणापासून बारकाईने बघत आलाय. बाकुगो मात्र त्याच्याकडे बघायलाच तयार नाही. जगातल्या ८० टक्के लोकांना काहीतरी 'क्वर्क', म्हणजे अंगची शक्ती असते. बाकुगोचा घाम नायट्रोग्लिसरीनसारखा पेटतो, मिदोरियाकडे काहीच नाही. 'इझुकू' हे नाव ज्या चिन्हांनी लिहितात ती 'देकू' अशीही वाचता येतात, आणि देकू म्हणजे लाकडाची बाहुली, आपल्या भाषेत ठोकळा. हे नाव बाकुगोने चिकटवलं. मिदोरिया मात्र त्याला आजही 'काच्चान' म्हणतो, गल्लीतल्या मित्राला 'पिंट्या' म्हणावं तसं. इंग्रजी आवृत्तीने दोन्ही नावं तशीच ठेवली, हे फार बरं झालं.

पहिल्याच प्रकरणात बाकुगो मिदोरियाची वही हाताच्या स्फोटाने जाळतो आणि खिडकीबाहेर भिरकावतो. हिरोंच्या निरीक्षणांची ती १३वी वही. ती खाली माशांच्या हौदात पडते, कडा काळ्या झालेल्या, पानं भिजलेली. पुढे गटारी राक्षस बाकुगोला गिळू लागतो तेव्हा क्वर्क नसलेला मिदोरिया धावत सुटतो, पाय आपोआप पळाले म्हणून. ही ओळ लक्षात ठेवा, २९व्या खंडात ती परत येते. मुलांसाठी घेणाऱ्या पालकांना एक स्पष्ट सांगायला हवं: याच प्रकरणात बाकुगो 'पुढच्या जन्मी क्वर्क मिळेल अशी आशा ठेव आणि छतावरून उडी मार' असं म्हणतो. मुखपृष्ठावर टीन रेटिंग आहे. दहा वर्षांच्या मुलाच्या हातात देण्याआधी ही पानं स्वतः वाचा.

दुसरा खंड या संचातला सर्वात घट्ट विणलेला. हिरोंच्या शाळेतला सराव: पाच मजली इमारत, १५ मिनिटं, मिदोरिया आणि वर्गमैत्रीण उरारका विरुद्ध बाकुगो आणि वर्गमित्र ईदा, वर खोट्या शस्त्राचा पहारा. बाकुगो झेपावतो आणि मिदोरिया त्याचा हात पकडून त्याला आपटतो, कारण बाकुगो पहिला वार नेहमी उजव्या हाताने, मोठा वळसा घेऊन करतो हे त्या वह्यांमध्ये नोंदलेलं आहे. हे चित्र सावकाश बघा. बाकुगोच्या चेहऱ्यावर दुखल्याचा मागमूस नाही, आपण वाचले गेलो याचा धक्का आहे. मग तो मनगटावरच्या ग्रेनेडमधला साठवलेला घाम पिन ओढून एकदम पेटवतो. शेवटी मिदोरिया डाव्या हातावर स्फोट झेलतो आणि उजव्या ठोशाने मजले वरपर्यंत फोडतो. त्या ढिगाऱ्याच्या आधारे उरारका शस्त्रापर्यंत पोचते. जिंकतो तो मिदोरियाचा गट, पण हात मोडून पडतो तोच. ऑल माइट या सर्वात मोठ्या हिरोने त्याला दिलेली शक्ती म्हणजे 'वन फॉर ऑल'; ती शंभर टक्के वापरली की हाडं तुटतात, हा हिशेब होरिकोशी कुठेही माफ करत नाहीत.

३ ते ६ या खंडांत दोघं समोरासमोर फारसे येत नाहीत. सहाव्यात मिदोरिया ५ टक्के शक्ती सगळ्या अंगात पसरवायला शिकतो, एवढं माहीत असलं की सातवा समजतो. सातव्यात शाळेच्या परीक्षेत दोघांची जोडी आता शिक्षक असलेल्या ऑल माइटविरुद्ध: ३० मिनिटं, शिक्षकाच्या अंगावर त्याच्या निम्म्या वजनाचा भार, हातकडी घालायची किंवा एकाने फाटकाबाहेर पडायचं. बाकुगो आपला ग्रेनेड-हातमोजा मिदोरियाला वापरायला देतो. मदत मागणं त्याला जमत नाही, पण वस्तू देता येते.

१० आणि ११ घ्यायचे ते एका प्रसंगासाठी. बाकुगोला शत्रूंनी पळवलंय. सोडवायचा बेत मिदोरियाचा, पण हात पुढे करतो वर्गमित्र किरिशिमा. आपला हात बाकुगो धरणार नाही हे मिदोरियाला ठाऊक आहे. लहानपणी बाकुगो ओढ्यात पडला तेव्हा मदतीसाठी पुढे केलेला हात त्याला अपमान वाटला होता. बारकाईने बघणाऱ्याचा सगळ्यात मोठा फायदा मला इथे दिसतो: स्वतःला बाजूला ठेवणं.

खरेदीत लोक हमखास फसतात ते १३ आणि १४मध्ये. रात्री दोघं दुसऱ्या खंडातल्या त्याच सरावाच्या जागी भेटतात. बाकुगो मिदोरियाची शक्ती कुठून आली हे स्वतः जोडून काढतो, म्हणजे पहिल्यांदाच त्याने मिदोरियाकडे नीट बघितलेलं असतं. मग लढाई. मिदोरिया ८ टक्क्यांपर्यंत जातो, पायांनी लढतो, तरी बाकुगो त्याला जमिनीवर दाबतो. ऑल माइट येऊन थांबवतो आणि दोघांना वसतिगृहातच राहण्याची शिक्षा होते, बाकुगोला चार दिवस, मिदोरियाला तीन. पण ही लढाई १३व्या खंडाच्या शेवटी सुरू होते आणि १४व्याच्या सुरुवातीला संपते. १३चं नाव 'अ टॉक अबाउट युअर क्वर्क', १४चं 'ओव्हरहॉल', म्हणजे पुढच्या खलनायकाचं. ते नाव वाचून लढाईचा शेवट याच पुस्तकात आहे हे कुणाच्या लक्षात येणार? दोन्ही एकत्र घ्या. दुकानात बहुधा पहिले तीन-चार आणि अगदी नवे खंड फळीवर असतात, मधले मागवावे लागतात. नंबर आणि नाव दोन्ही लिहून द्या.

२९मध्ये बाकुगोचं शरीर आपोआप पुढे होतं आणि तो मिदोरियासाठीचा वार अंगावर घेतो. ३३मध्ये पावसात, वर्गासमोर, तो मान खाली घालून माफी मागतो आणि 'इझुकू' म्हणतो. तेहतीस खंड वाट बघायला लावून एवढं साधं वाक्य! मला हे पान मालिकेतलं सर्वोत्तम वाटतं. दुसऱ्या खंडातला तो धक्का नीट बघितला असेल तरच इथे त्याची किंमत कळते.

आता पुस्तक म्हणून. आकार साधारण ५ बाय साडेसात इंच, दोनशेच्या आतबाहेर पानं. उजवीकडून डावीकडे वाचायचं, चौकटीही त्याच क्रमाने. सवय व्हायला एखादं प्रकरण जातं. बांधणी डिंकाची आहे, शिवलेली नाही. नवं पुस्तक एकदम सपाट उघडलं की कणा तडकतो आणि पावसाळ्यात पानं सुटतात. दोन्ही टोकांकडून दहा-दहा पानं हलक्या हाताने दाबत मध्यापर्यंत या. दोन पानांवर पसरलेली मोठी चित्रं मात्र घडीत थोडी हरवतात, ती खोट आवृत्तीचीच. ठाणे-वाशी लोकलच्या अर्ध्या तासात दुसऱ्या खंडातली ती लढाई आरामात होते. तेहतिसावा गर्दीत उभ्याने वाचू नका, त्याची चित्रं बसून बघायची आहेत.

स्टेशनबाहेरच्या पथारीवर निम्म्या किमतीत मिळणारे खंड बहुतेक वेळा स्कॅन करून छापलेले असतात. ओळखायचे कसे? करड्या छटा म्हणजे बारीक ठिपके असतात. नकली प्रतीत ते मिसळून डाग पडतो किंवा लाटा दिसतात. काळा रंग राखाडी येतो. घडीजवळच्या फुग्यातली अक्षरं गिळली जातात. दोन खंड शेजारी धरा, कण्यावरचे आकडे वरखाली दिसले तर ठेवून द्या. बाकुगोच्या स्फोटांत अर्धं काम या ठिपक्यांचं आहे, त्यामुळे पैसे वाचवून चित्रच गमवाल.

कागद लगद्याचा, उन्हात कडा तपकिरी होतात. वाशी, ऐरोलीत खाडीकडची घरं असोत की येऊरच्या पायथ्याची, जून ते सप्टेंबर बुरशीचा धोका आहेच. फळी बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, मागे दोन बोटं जागा ठेवा. प्लास्टिकमध्ये गुंडाळलं तर ओल आतच कोंडते, त्यापेक्षा खाकी कागदाचं कव्हर आणि सिलिका जेलच्या पुड्या बऱ्या. डांबराच्या गोळ्यांनी कसर पळते, ओल नाही.

मालिका झेपेल का याची खात्री नसेल तर आधी 'मांगा प्लस' ॲपवर पहिली तीन प्रकरणं फुकट वाचा. वही हौदात पडते ते पान त्यातच आहे.